मानसशास्त्राच्या वर्गात मोबाइल आणावा की नको? (एफवायबीए, नाशिक)

तासिका_तत्त्वावर

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात यंदापासून तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवते. एफवायला सामान्य मानसशास्त्र आणि एसवायच्या प्रात्यक्षिकांच्या बॅचेस. एफवायचा पट नव्वदच्या घरात, प्रत्यक्ष बसतात पन्नास-पंचावन्न. निम्मी मुलं दिंडोरी, पेठ, त्र्यंबक बाजूची. सकाळच्या एसटीने येतात आणि शेवटच्या तासाला दप्तर आवरून दुपारच्या गाडीच्या तयारीत बसतात.

विभागाकडून निरोप आलाय की नॅकसाठी (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) 'अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर' दाखवायचा आहे. प्रत्येकाने निदान एक उपक्रम करून जिओ-टॅग (ठिकाण नोंदलेल्या) फोटोसह अहवाल द्यावा. वर्गात प्रोजेक्टर आहे, पण खिडक्यांना पडदे नाहीत, त्यामुळे दहा वाजल्यानंतर भिंतीवर काय चाललंय ते फक्त मला ठाऊक असतं. प्रयोगशाळेत एक कपाट आहे. त्यात पट्टा तुटलेला मेमरी ड्रम (पाठांतरासाठी एकेक शब्द दाखवणारं यंत्र), मिरर ड्रॉइंगची, म्हणजे आरशात बघून तारा गिरवायची पेटी (आरसा शाबूत), उंदरांनी वायर खाल्लेला टॅचिस्टोस्कोप (चित्र क्षणभरच दाखवणारं यंत्र), आणि सगळ्यांवर डेडस्टॉकचे, म्हणजे मालमत्ता नोंदवहीतले नंबर रंगवलेले. वापरता येत नाही, टाकता येत नाही.

तर विचारायचं हे की मुलांचे मोबाइल वर्गात वापरू द्यावेत का? प्रश्नमंजुषेची दोन-तीन ॲप्स बघून ठेवली आहेत. स्ट्रूपचा प्रयोग (रंगाचं नाव वेगळ्याच रंगात छापून तो छापलेला रंग सांगायला लावायचा) मोबाइलवर घेतला तर वेळ अचूक मिळेल असंही वाटतं, कारण स्टॉपवॉचवर मुलांचा अंगठा कधी पडेल सांगता येत नाही. शिवाय पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली गुगल फॉर्मवर टाकून सगळ्या वर्गाकडून भरून घ्यायचा विचार आहे. विषयाशी थेट संबंध, मुलांना रस, आलेख आपोआप तयार. विभागात सगळ्यांना कल्पना आवडली.

आणि जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही! आत्मनिवेदनाच्या (प्रयोग करताना काय जाणवलं त्या) रकान्यात जिकडे तिकडे एकच वाक्य: 'सुरुवातीस किंचित संभ्रम जाणवला, तथापि कालांतराने माझी एकाग्रता वृद्धिंगत झाली.' एफवायचं पोर 'वृद्धिंगत' लिहीत नाही हो. चॅटबॉटला विचारून उतरवतात. याचं काय करायचं?

खडूफळा

एकदा मोबाइल काढा म्हणालात की परत आत ठेवा म्हणायला शिपाई लागेल. जिओ-टॅग फोटोच हवा असेल तर चालू प्रोजेक्टरसमोर उभं राहून काढा. आमच्याकडे तसंच चालतं आणि अहवालही मंजूर होतात.

देवळालीकर

मॅडम, मी नोकरीची सगळी वर्षं हाच विषय शिकवला, तोही नाशकातच. आता निवृत्त आहे, वेळ आहे, तेव्हा प्रतिसाद लांबणार.

कुठलंही यंत्र किंवा ॲप वर्गात आणण्याआधी मी एवढंच विचारत असे: यातून पोराचं उत्तर कुणाला दिसतं? इतिहासाच्या तासाला शेजाऱ्याचं बघून '१७६१' सांगितलं तर फार तर एक उत्तर चोरलं. आपल्या तासाला पोराचं उत्तर हाच डेटा असतो. ते शेजाऱ्याकडे बघून आलं की सगळा प्रयोगच गेला.

उदाहरण देतो. स्मृतीचं प्रकरण सुरू करताना सावकाश, एका सुरात ही यादी वाचा: उशी, जांभई, अंथरूण, रात्र, डुलकी, स्वप्न, गजर, घोरणे, पांघरूण, थकवा, पेंग, पहाट. मग दोन मिनिटं भलतंच काहीतरी करायला लावा, शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणावं. आणि मग विचारा, यादीत 'गजर' होता का? 'चमचा' होता का? 'झोप' होता का? 'झोप' तुम्ही वाचलेलाच नसतो, तरी पुष्कळ पोरं शपथेवर सांगतात की ऐकला. डीझ यांचं हे काम १९५९ चं. रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये ते पुन्हा पुढे आणलं. खर्च शून्य, आणि 'स्मृती म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे' हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण 'झोप ऐकला त्यांनी हात वर करा' म्हणालात की काय होतं? पहिल्या बाकावरची हुशार म्हणून ठरलेली मुलगी हात वर करते, तिच्या मागची रांग करते, शेवटच्या बाकावरचे पुढे बघून ठरवतात. सॉलोमन ॲश यांनी १९५१ मध्ये साध्या रेषांची लांबी विचारून हेच दाखवलं. गट मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायचा आणि खऱ्या प्रयुक्तांची (ज्यांच्यावर प्रयोग चालला त्यांची) सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटामागे जायची. निदान एकदा तरी वाकलेले लोक तर तीन चतुर्थांशाच्या आसपास. म्हणजे आपण घ्यायला गेलो स्मृतीचा प्रयोग आणि झाला अनुरूपतेचा, म्हणजे गटामागे जाण्याचा. इथे तंत्रज्ञान खरंच हवं. वर्ग आधुनिक दिसावा म्हणून नव्हे, शेजाऱ्याचं उत्तर झाकावं म्हणून.

आणि त्यासाठी पोरांचे फोन लागत नाहीत. प्लिकर्स नावाचं ॲप आहे, त्यात फक्त तुमचा एक फोन पुरतो. पोरांच्या हातात कागदाचा छापील पत्ता (कार्ड) असतो. त्यावर काळ्या चौकटींची नक्षी, चार बाजूंना ए, बी, सी, डी अगदी बारीक अक्षरात. ज्याला जे उत्तर द्यायचं ते अक्षर वर येईल असा तो पत्ता धरतो, तुम्ही कॅमेरा वर्गावरून फिरवता आणि उत्तरं मोजली जातात. प्रत्येक पत्त्याची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याकडे बघून काही कळत नाही. पत्त्यांचे संच चाळीसचे आणि त्रेसष्टचे मिळतात. तुमची हजेरी पन्नास-पंचावन्न म्हणता, म्हणजे मोठा संच पुरेल. एखाद्या दिवशी भरला वर्ग तर दोघांत एक द्या.

आता विचारायचं काय, यात खरी मेख आहे. 'शास्त्रीय अभिसंधानाचा जनक कोण' असले प्रश्न टाकलेत तर पत्ते आणि तोंडी परीक्षा यात फरक नाही. मी हा टाकत असे: आई ओरडत राहते, मुलगा वैतागून पुस्तक घेऊन बसतो, ओरडणं थांबतं. पुढच्या वेळी तो आणखी लवकर बसतो. मुलाच्या अभ्यासाला बसण्याच्या वर्तनाबाबत हे काय झालं? शिक्षा, धन प्रबलन, ऋण प्रबलन की विलोपन? निम्म्याहून जास्त वर्ग 'शिक्षा' धरतो, कारण ओरडणं म्हटलं की शिक्षा हे घरूनच डोक्यात बसलेलं. आलेख दाखवू नका. 'शेजाऱ्याला पटवा' म्हणून दोन मिनिटं सोडा आणि पुन्हा मत घ्या. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रुळवली. पहिला आलेख दिसला की पोरं बहुमताकडे सरकतात, आणि ते ॲशचं भूत परत येतं. दुसऱ्या मतात उत्तर 'ऋण प्रबलन'कडे (नकोसं काही थांबल्याने वर्तन वाढणं) झुकलं, की वर्तन वाढलं म्हणून ती शिक्षा असूच शकत नाही हे त्यांच्याच तोंडून काढा. मग हळूच विचारा, 'आणि आईच्या ओरडण्याचं काय?' तिचंही वर्तन पक्कं होतंच आहे, ओरडलं की काम होतं ना! तिथे वर्ग जो हसतो त्यात निम्मं प्रकरण संपतं.

तासाची सुरुवात मागच्या आठवड्यातल्या दोन-तीन प्रश्नांनी करा, वही मिटून. यामागे रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा अभ्यास आहे. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८१ टक्के आठवलं, एकदा वाचून स्वतःची चाचणी घेणाऱ्यांना ७५. आठवड्याने हेच आकडे उलटले, ४२ आणि ५६. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून काढणाऱ्याला आपल्याला सगळं येतंय असं का वाटतं ते या दोन आकड्यांत आहे. हे पोरांना पहिल्याच महिन्यात दाखवा. 'तू दृश्य शिकणारा, तू श्राव्य शिकणारा' असल्या चाचण्या घेणारी ॲप्स मात्र बाजूला ठेवा. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सगळे पुरावे चाळून सांगितलं की शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त येतं याला पुरेसा आधार नाही. तरी शिक्षकांच्या प्रशिक्षणात ते अजून ऐकू येतं, काय बोलायचं.

स्ट्रूपला फोन नको. १९३५ च्या मूळ प्रयोगात शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३ सेकंद लागले, आणि वेगळ्याच रंगात छापलेल्या रंगनामांचे रंग सांगायला ११०. सत्तेचाळीस सेकंदांच्या फरकात तुमच्या पोराचा अंगठा अर्धा सेकंद उशिरा पडला तर काय बिघडतं? झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रिंट काढा, झालं. लाल, निळा, हिरवा, पिवळा देवनागरीत छापा, आणि उत्तरही मराठीतच द्यायला सांगा. आपली पोरं शब्द वाचतात 'हिरवा' आणि रंग सांगताना म्हणतात 'रेड'. शब्द एका भाषेत आणि उत्तर दुसऱ्या भाषेत असलं की अडथळा कमी होतो, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. मग फरक आटतो आणि पोरगं जर्नलात 'गृहीतक सिद्ध झाले नाही' लिहून मोकळं. आणखी एक, लाल-हिरव्यात गोंधळणारा एखादा मुलगा वर्गात असतोच. त्याचं ते बॅचसमोर उघडं पडू देऊ नका. आधी रंगांचे चार ठिपके एकेकाला जवळ बोलावून दाखवा, आणि अडखळला तर त्याला वेळ मोजायला बसवा.

गुगल फॉर्म वापरायचाच असेल तर लॉफ्टस आणि पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगासाठी वापरा, प्रश्नातल्या शब्दाने आठवण कशी बदलते ते त्यात दिसतं. टेबलावर दोन खेळण्यातल्या गाड्यांची टक्कर आपल्याच फोनवर चित्रित करा. फॉर्म दोन करायचे, सम रोल नंबरना एक, विषमांना दुसरा. एकात 'गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा', दुसऱ्यात 'गाड्या एकमेकींना टेकल्या तेव्हा' वेग किती वाटला? मूळ प्रयोगात सर्वांत जोरकस क्रियापदाला सरासरी ताशी सुमारे ४१ मैल आले आणि सर्वांत सौम्य क्रियापदाला सुमारे ३२. चित्रफिती सगळ्यांना त्याच. फोन नसलेल्यांना तोच प्रश्न चिठ्ठीवर द्या. ईमेल गोळा करायचं बटण बंद ठेवा.

आता पीएचक्यू-९. मॅडम, हे करू नका. त्यातला नववा प्रश्न वाचलात ना? मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा आले, असं तो विचारतो. रात्री अकराला फॉर्म उघडलात आणि एका रोल नंबरसमोर 'जवळजवळ रोज' दिसलं, तर तुम्ही काय करणार? नाव घेतलं असेल तर जबाबदारी तुमची, आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षिकेला त्यासाठी ना समुपदेशक दिलेला आहे ना अधिकार. नाव घेतलं नसेल तर आणखी वाईट, कुणीतरी वर्गात आहे एवढंच कळणार. आणि ते 'आपोआप तयार' आलेख भिंतीवर दाखवले, तर ज्याने खरं भरलं तो आलेखातला आपला खांब बघत बसेल. एफवायला कुणी सतरा वर्षांचंही असतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे.

गुणांकनच शिकवायचं ना? मग काल्पनिक भरलेल्या उत्तरपत्रिका तयार करा. नऊ प्रश्न, प्रत्येकी शून्य ते तीन, एकूण सत्तावीस. पोरांना गुण काढू द्या, अर्थ लावू द्या. एका उत्तरपत्रिकेत बेरीज कमी पण नवव्या प्रश्नाला दोन, अशी ठेवा आणि विचारा, बेरजेवर विसंबून राहाल का? फळ्याच्या कोपऱ्यात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ वर्षभर लिहिलेला असू द्या. चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात.

जर्नलबद्दल एवढंच, की आत्मनिवेदनं आमच्याही वेळी उतरवलेलीच असत. फक्त ती सीनियरच्या जर्नलातून यायची आणि शुद्धलेखनाच्या चुकांसकट यायची. प्रयोग संपल्या संपल्या, प्रयुक्त खुर्चीत असतानाच, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पेन्सिलीने चार ओळी लिहून घ्या आणि तो कागद तसाच जर्नलात चिकटवा. सही तिथल्या तिथे. घरी जाऊन 'वृद्धिंगत' करायला वावच ठेवायचा नाही.

अंबडचा_कोडर

देवळालीकर सरांशी सहमत, पण स्ट्रूपबद्दल थोडी भर. मोबाइलवर वेळ 'अचूक' मिळते हा गैरसमज आहे. साध्या फोनचा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलतो, म्हणजे शब्द दिसायलाच १६-१७ मिलिसेकंद इकडेतिकडे. त्यात बोट टेकल्याचं फोनला कळायला लागणारा वेळ, तो प्रत्येक मॉडेलचा निराळा. त्यामुळे एकाच्या फोनवरचे ७०० आणि दुसऱ्याच्या फोनवरचे ६४० यांची तुलना करू नका. पण एकाच फोनवर एकाच मुलाची जुळणारे शब्द आणि न जुळणारे शब्द यांची वजाबाकी केली, तर तो उशीर दोन्हीकडे साधारण सारखाच असल्याने निघून जातो.

प्रयोगशाळेत एखादा जुना संगणक असेल तर सायकोपाय हे प्रयोग घ्यायचं सॉफ्टवेअर टाका. नॉटिंगहॅम विद्यापीठात सुरू झालेलं, फुकट, आणि एकदा बसवलं की इंटरनेट लागत नाही. ब्राउझरमध्ये चालणारं सायटूलकिट पण आहे, तेही फुकट. फक्त बटण दाबून घेतलेल्या स्ट्रूपमध्ये फरक तोंडी उत्तरापेक्षा कमी येतो, आकडे लहान आले म्हणून घाबरू नका. एसवायच्या बॅचला एकाच बैठकीत कार्ड आणि संगणक दोन्ही करायला लावा, चर्चेला विषय मिळेल.

हरसूल_एक्सप्रेस

मी टीवायला आहे, मानसशास्त्र स्पेशल. विद्यार्थ्याच्या बाजूने बोलतो. घरात स्मार्टफोन एकच, तो मोठ्या भावाकडे असतो. वर्गात 'सगळ्यांनी फोन काढा' म्हटलं की ज्याच्याकडे नाही तो खाली वाकून पेन शोधायला लागतो. ज्यांच्याकडे आहे त्यांचं नेट सकाळच्या गाडीतच संपलेलं असतं. कागदाचे पत्ते बेस्ट.

तो नैराश्याचा फॉर्म आमच्याकडे एका ग्रुपवर फिरला होता. अर्ध्यांनी सगळीकडे शून्य टाकलं, कारण नाव विचारलं होतं. उरलेल्यांनी गंमत म्हणून सगळीकडे तीन. सरांनी त्याचा पाय चार्ट काढला.

आणि मॅडम, मिरर ड्रॉइंगची पेटी वापरा ना. आम्हाला तोच प्रयोग आठवतो. पेन्सिल पुढे न्यायची म्हटलं की हात मागे येतो, ताऱ्याच्या टोकाशी तर अडकूनच बसतो. चुका मोजताना भांडणं व्हायची, ही रेघ बाहेर गेली की नाही म्हणून. मग एकाने फोन वरून धरून फक्त कागद आणि हाताचा व्हिडिओ काढला. नंतर हळू वेगाने लावून मोजलं, भांडण मिटलं. आधी डाव्या हाताने एकदा, मग उजव्याने सराव, मग परत डाव्याने, असं केलं तर सराव दुसऱ्या हातालाही उपयोगी पडतो ते व्हिडिओत मस्त दिसतं.

खडूफळा

हे बरं आहे. फोन एक, तोही मास्तरांच्या ताब्यात. माझी हरकत मागे.

तासिका_तत्त्वावर

सगळ्यांचे आभार. पीएचक्यू-९ रद्द, आजच विभागप्रमुखांना सांगितलं. त्या आधी म्हणाल्या 'अहो पण आलेख छान आला असता', मग नववा प्रश्न वाचायला दिला तेव्हा गप्प झाल्या. काल्पनिक उत्तरपत्रिका मी या रविवारी बनवते. मिरर ड्रॉइंगचा व्हिडिओ एसवायच्या बॅचला घेईन, जिओ-टॅग फोटोचंही काम होईल, त्यात पोरांचे चेहरे यायला नकोत एवढं बघते. बाकी दोन यंत्रांसाठी निर्लेखनाचा (नोंदवहीतून काढून टाकण्याचा) प्रस्ताव टाका असं ऑफिसने सुचवलंय.

सर, एक शंका. आई ओरडण्याच्या प्रश्नाला कुणी 'धन प्रबलन' म्हणालं आणि 'आईचं ओरडणं थांबल्याने मुलाला बरं वाटलं, म्हणजे बक्षीसच की' असं म्हणून अडून बसलं तर? आणि पत्ते साध्या कागदावर छापले तर चालतील, की लॅमिनेट करून घेऊ?

देवळालीकर

असं म्हणणारं पोर तुमच्या वर्गातलं सर्वांत कामाचं पोर समजा. त्याला विचारा, मुलाच्या वाट्याला काही नवं आलं का, की असलेलं काही गेलं? काही आलं तर धन, काही गेलं तर ऋण, बरं वाटणं दोन्हीकडे आहेच. तरी नाही पटलं तर सोडून द्या, परीक्षेपर्यंत पटेल. दुसऱ्या मतात तो किती जणांना आपल्या बाजूला ओढतो ते बघा, मजा येते.

पत्त्यांना कार्डशीट घ्या. पातळ कागद पोरं हातात गुंडाळतात. लॅमिनेशन मात्र नको, तुमच्या खिडक्यांना पडदे नाहीत म्हणता, चकचकीत पृष्ठभागावर उजेड पडला की कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. आणि पत्ता धरताना बोट नक्षीवर येऊ देऊ नका असं पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर मागच्या बाकांवरची निम्मी उत्तरं मोजलीच जाणार नाहीत.